ठाणे खाडीच्या गाळातील पीएएच: प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५

११ नोव्हेंबर २०२४

ठाणे खाडीच्या गाळात साठलेली बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने, म्हणजे प्रयोगशाळेच्या रोजच्या भाषेत पीएएच, कोणत्या वाटांनी तिथे पोहोचतात, हा प्रकल्पाचा प्रश्न आज लेखी स्वरूपात पक्का केला. ‘गाळात पीएएच किती’ हा प्रश्न मुद्दाम दुय्यम ठेवला आहे. एकूण बेरीज मोठी निघाली तरी कोणाला काय थांबवायला सांगायचे हे तिच्यातून कळत नाही. लाकूड जाळणारी भट्टी, कचऱ्याची आग, डिझेलचा धूर आणि गटारात ओतलेले इंजिन ऑइल यांना आवर घालण्याचे उपाय एकमेकांहून अगदी वेगळे आहेत.

दोन किंवा अधिक बेंझीन वलये कडेला कड जोडून बनलेली ही संयुगे दोन रीतींनी जन्माला येतात. कार्बन असलेला कोणताही पदार्थ अपुऱ्या हवेत जळला की ज्वाळेत तुटलेले तुकडे पुन्हा जुळून ती तयार होतात. याखेरीज खनिज तेलात आणि कोळशात ती मुळातच असतात, कारण जमिनीखालच्या माफक उष्णतेत लक्षावधी वर्षे तो पदार्थ मुरलेला असतो. पहिल्या प्रकाराला आम्ही या नोंदींत ज्वलनजन्य आणि दुसऱ्याला तेलजन्य म्हणू.

खाडीची निवड करताना फार विचार करावा लागला नाही. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या पश्चिमेला मुलुंडपासून विक्रोळी, घाटकोपर, देवनार, माहूल आणि शिवडीपर्यंतची दाट वस्ती आहे, तर पूर्वेला ऐरोली, वाशी आणि ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि ती खाडीला लागूनच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. बंदराच्या तोंडाशी ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले आणि किनाऱ्यावरची तिवरे काळी पडली. याच खाडीचा एक भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. संशयाला इतक्या जागा आणि जपण्यासारखे इतके काही एकाच पाण्यात असताना स्रोत वेगळे करण्याचे काम इथेच व्हायला हवे, असे आमचे ठाम मत आहे.

१९ नोव्हेंबर २०२४

कोणती संयुगे मोजायची यावर आजचा संपूर्ण दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकात प्राधान्याच्या प्रदूषकांत १६ पीएएच घेतली आणि तीच यादी जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. नॅप्थॅलीनपासून बेंझो(जीएचआय)पेरिलीनपर्यंतच्या या यादीचे तयार मानक मिश्रण बाजारात मिळते, त्यामुळे निकालांची तुलना सोपी होते. मात्र त्या यादीत एकही अल्किल पीएएच, म्हणजे वलयांना कार्बनच्या छोट्या शाखा असलेले पीएएच, नाही, आणि तेलातला मोठा वाटा नेमका त्यांचाच असतो. तेल मंद उष्णतेत घडत असल्याने वलयांना चिकटलेल्या मिथिल-इथिल शाखा टिकून राहतात. ज्वाळेच्या प्रखर उष्णतेत मात्र त्या गळून पडतात आणि उघडे मूळ रेणू उरतात. फेनॅन्थ्रीन आणि त्याच्या एक, दोन, तीन, चार अल्किल कार्बन असलेल्या भावंडांचे स्तंभ शेजारी शेजारी काढले, तर तेलात मधले स्तंभ उंच असतात आणि ज्वलनात पहिल्यापासून उतरती भाजणी दिसते. फक्त १६ संयुगे मोजणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही, कारण भाजणीची पहिली पायरी सोडून बाकी सर्व त्याच्या यादीबाहेर आहे.

म्हणून आमची यादी अशी वाढवली: नॅप्थॅलीन, फेनॅन्थ्रीन आणि डायबेंझोथायोफीन यांची अल्किल मालिका, चीडवर्गीय लाकडाच्या राळेपासून जळताना तयार होणारे रेटीन, प्लास्टिकमिश्रित कचरा जळल्याची खूण मानले जाणारे १,३,५-ट्रायफिनाइलबेंझीन, आणि पेरिलीन. पेरिलीन गाळात प्राणवायूविना नैसर्गिकरीत्याही तयार होते. ते वेगळे न मोजता बेरजेत मिसळले, तर निसर्गाच्या खात्यातले काही माणसाच्या खात्यात जाते. डायबेंझोथायोफीन घेण्याचे कारण स्थानिक आहे. मुंबई हायच्या तेलात गंधक कमी असते आणि पश्चिम आशियातून येणाऱ्या बऱ्याच तेलांत ते जास्त असते, त्यामुळे गंधकयुक्त मालिकेचे फेनॅन्थ्रीन मालिकेशी असलेले प्रमाण सांडलेल्या तेलाचे मूळ सांगायला मदत करते.

मर्यादांचाही विचार केला. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत या साऱ्या कुळातून एकच प्रतिनिधी आहे: कणांवरचे बेंझो(ए)पायरीन, वार्षिक सरासरी १ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात पीएएचची मर्यादा ०.०००१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. गाळासाठी आम्ही अमेरिकेत वापरली जाणारी मार्गदर्शक मूल्ये घेऊ: बेंझो(ए)पायरीनसाठी खालची पातळी ४३० आणि वरची १६०० नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम, आणि एकूण पीएएचसाठी ४०२२ आणि ४४७९२. खालच्या पातळीखाली तळाच्या जीवांना इजा क्वचित आढळते आणि वरच्या पातळीपलीकडे वारंवार आढळते, एवढाच त्या मूल्यांचा अर्थ आहे. ती कायदेशीर मर्यादा नव्हेत, हे अहवालाच्या प्रत्येक तक्त्याखाली लिहायचे ठरले.

९ डिसेंबर २०२४

भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस असल्याने भरती-ओहोटीची ओढ कमी होती आणि होडी एका जागी धरून ठेवता आली. अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यासाठी कांदळवन कक्षाची परवानगी सोबत होती. मधल्या प्रवाहातून ग्रॅबने, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडून वर आणणाऱ्या उपकरणाने, वरचा गाळ घेतला. ग्रॅबचे जबडे नीट मिटलेले नसतील आणि पाणी गळत असेल तर तो घास परत टाकायचा, हा नियम कसोशीने पाळला. गळत्या पाण्याबरोबर सर्वांत बारीक कण निघून जातात आणि पीएएच मुख्यतः त्यांनाच चिकटलेली असतात.

होडीचे इंजिन डिझेलचे असल्याने नमुना वर घेताना ते बंद ठेवले आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे राहील असे पाहिले. इंजिनचे डिझेल आणि वंगण यांचाही थोडा नमुना वेगळ्या कुपीत घेतला, म्हणजे पुढे शंका आली तर ताडून पाहता येईल. गाळ चारशे अंशांहून जास्त तापवून स्वच्छ केलेल्या काचेच्या बरण्यांत, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पन्नी लावून भरला आणि बर्फात ठेवला. प्लास्टिकची कोणतीही वस्तू नमुन्याजवळ आणली नाही.

होडीवाल्या काकांनी सांगितले की पाऊस सुरू झाला की पहिले काही दिवस नाल्यांच्या तोंडाशी पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो आणि तेवढे दिवस त्या बाजूला जाळे टाकत नाहीत. ही माहिती नमुनास्थळांच्या नकाशावर नोंदवली आहे, आणि पहिल्या पावसाचे काम तिच्यावरच बेतायचे आहे.

३१ डिसेंबर २०२४

अमावास्येच्या उधाणाची ओहोटी सूर्योदयाच्या सुमाराची होती, त्यामुळे तिवरांच्या कडेचा उघडा गाळ गाठता आला. इथे ग्रॅबऐवजी नळीने उभे गाभे घेतले. गाभा नळीतून सरकवताना रचना स्पष्ट दिसते: वर बोटाच्या पेराहून कमी जाडीचा तपकिरी थर, त्याखाली एकदम काळा, लोण्यासारखा मऊ गाळ आणि हायड्रोजन सल्फाइडचा उग्र वास. काळ्या थरात प्राणवायू नसल्याने पीएएच खाणारे जीवाणू फार मंदपणे काम करतात, म्हणून जे पुरले जाते ते दीर्घकाळ तसेच राहते. खेकड्यांची बिळे आणि निवट्यांनी उकरलेल्या खाचा जिथे दाट होत्या, तिथला गाभा टाळला, कारण वरचे खाली आणि खालचे वर गेलेल्या गाळातून काळाचा क्रम वाचता येत नाही.

देवनारच्या बाजूच्या गाळात जळक्या प्लास्टिकचे वितळून घट्ट झालेले बारीक थेंब भिंगाखाली दिसले. ते वेचून वेगळ्या कुपीत ठेवले.

१५ जानेवारी २०२५

गाळ लायोफिलायझरमध्ये गोठवून सुकवला, चाळला आणि निष्कर्षण, म्हणजे द्रावकाने पीएएच बाहेर काढणे, सुरू केले. प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले, म्हणून वेगळे ओळखता येणारे) नॅप्थॅलीन, फेनॅन्थ्रीन, क्रायसीन आणि पेरिलीन ठरलेल्या मात्रेत घातले, म्हणजे वाटेत किती हरवले ते प्रत्येक नमुना स्वतःच सांगेल. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हा पुन्हा गाळातून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, डायक्लोरोमिथेन हा द्रावक रात्रभर फिरत राहिला.

खाडीच्या गाळाची खास अडचण म्हणजे मूलद्रव्य रूपातले गंधक. ते सेंद्रिय द्रावकात पीएएचबरोबरच उतरते आणि जीसी-एमएसच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर असा फुगवटा उभा करते की त्याखालची शिखरे दिसेनाशी होतात. त्यासाठी आम्लाने धुतलेले तांब्याचे बारीक तुकडे निष्कर्षात टाकले. लालसर, चकचकीत तांबे काही मिनिटांत काजळासारखे काळे झाले. काळे तुकडे काढून नवे घालत राहिलो आणि तांबे लालच राहू लागले तेव्हा थांबलो. शिवडीकडच्या गाळाला सर्वांत जास्त तांबे लागले. त्यानंतर सिलिका जेलच्या स्तंभातून साधी हायड्रोकार्बने आणि पीएएच वेगळी केली आणि निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढले.

शेवटच्या टप्प्यात नायट्रोजनचा झोत अतिशय मंद ठेवावा लागतो. या कुळात स्वभावाचा फरक फार मोठा आहे. नॅप्थॅलीन २१८ अंशांना उकळते आणि लिटरभर पाण्यात सुमारे ३१ मिलिग्रॅम विरघळते. बेंझो(ए)पायरीन त्याच लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅमच विरघळते आणि हवेत सहज उडत नाही. घाईने द्रावक उडवला तर हलके सदस्य जातात, जड राहतात, आणि निकाल आपोआप ज्वलनाकडे झुकतो. म्हणून कुपी कोरडी होऊ द्यायची नाही, अर्धा मिलिलिटर उरताच झोत बंद करायचा.

कोऱ्या नमुन्यांत, म्हणजे गाळाशिवाय सगळी प्रक्रिया केलेल्या नळ्यांत, नॅप्थॅलीन सातत्याने दिसत होते. शोध घेतल्यावर प्रयोगशाळेशेजारच्या साठवण खोलीतल्या कपाटांत आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या आढळल्या. त्या गोळ्या म्हणजे जवळजवळ शुद्ध नॅप्थॅलीन, आणि कपाटात काचेची भांडी होती. गोळ्या इमारतीबाहेर गेल्या, भांडी पुन्हा तापवली आणि कोरे नमुने स्वच्छ आल्यावरच पुढचे निष्कर्षण हाती घेतले. ज्या खोलीत नॅप्थॅलीन मोजायचे तिथे झुरळांचा बंदोबस्त दुसऱ्या उपायाने करावा, अशी लेखी सूचना दारावर लावली आहे.

२७ जानेवारी २०२५

स्रोतांचे नमुने स्वतः गोळा केल्याशिवाय गाळाचे वाचन करायचे नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे. परदेशी नियतकालिकांतले लाकडाच्या धुराचे प्रमाण तिथल्या लाकडाचे आणि तिथल्या चुलीचे असते. मुंबईच्या भट्टीत काय जळते ते मुंबईच्या भट्टीत जाऊनच कळेल.

त्यात एक संधी आपणहून चालून आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारीच्या आदेशात लाकडावर आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आहे. एखादा स्रोत कोणत्या सुमारास घटणार हे आधीच माहीत असणे निरीक्षणाच्या कामात विरळा. आता ‘आधी’चे नमुने घेतले नाहीत, तर ‘नंतर’च्या नमुन्यांना तुलनेसाठी काहीच राहणार नाही.

पूर्व उपनगरातल्या एका बेकरीत मालकांच्या संमतीने सकाळ घालवली. भट्टीच्या तोंडाशी इंधनाची थप्पी होती आणि तिच्यात जंगली लाकूड जवळपास नव्हतेच: पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या, त्यांवर उमटवलेले अक्षरांचे शिक्के आणि वाकलेले खिळे; मोडलेल्या दारांच्या चौकटी, त्यांवर ऑइलपेंटचे दोन-तीन रंगांचे थर; प्लायवूडचे तुकडे, काहींवर सनमायका तसाच. प्रत्येक प्रकार वेगळा जाळून त्याची काजळी घेता आली असती तर उत्तम झाले असते, पण चालू भट्टीत ते शक्य नव्हते. म्हणून धुराड्याच्या आतली काजळी स्टीलच्या पट्टीने पन्नीवर खरवडून घेतली आणि थप्पीतल्या प्रत्येक प्रकारचा तुकडा प्रयोगशाळेत जाळण्यासाठी सोबत आणला. खरवडताना काजळीचा वरचा थर कोरडा आणि भुरभुरीत लागला, तर विटेलगतचा थर चिकट आणि डांबरासारखा. दोन्ही वेगळे ठेवले आहेत.

भट्टीवरचे कारागीर म्हणाले, “मॅडम, सुकं लाकूड मिळालं तर आम्हालाही तेच हवं, रंगाच्या फळीनं डोळे चुरचुरतात, रात्रभर इथंच उभं राहायचं असतं.” हे वाक्य नोंदवण्याचे कारण असे की काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध सर्वप्रथम कामगारांच्याच शरीरावर दिसला. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांतल्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे लिहिले. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोलटार सतत लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये केनवे यांच्या गटाने दोन टन पिचमधून, म्हणजे कोलटारच्या घट्ट गाळातून, बेंझो(ए)पायरीन वेगळे काढले. आज ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतेच अशा पदार्थांत, गणले जाते. यकृतातली आणि फुप्फुसातली एन्झाइमे ते शरीराबाहेर काढण्यासाठी विरघळणारे बनवायला जातात आणि त्याच वाटेवर तयार होणारे एपॉक्साइड डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटते. शहराच्या हवेची चर्चा पुष्कळ होते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मूत्रातले १-हायड्रॉक्सिपायरीन, म्हणजे शरीराने पायरीनपासून बनवलेले संयुग, मोजण्याची चर्चाही तितकीच व्हायला हवी.

१८ फेब्रुवारी २०२५

जीसी-एमएसवर पहिली मालिका चालवली. स्तंभ ३० मीटरचा, आयन निवडून मोजण्याची पद्धत. १७८ वस्तुमानावर फेनॅन्थ्रीन आणि अँथ्रासीन, २०२ वर फ्लुओरँथीन आणि पायरीन स्वच्छ सुटले. २२८ वर क्रायसीनसोबत ट्रायफिनिलीन मिसळून येते, त्यामुळे तो आकडा दोघांच्या नावाने लिहिला. २५२ वरचे बेंझो(बी) आणि बेंझो(के)फ्लुओरँथीन तळाशी एकमेकांत मिसळले होते, म्हणून त्यांची बेरीज दिली.

रेटीनबाबत विशेष सावधगिरी घेतली. त्याचे वस्तुमान २३४, आणि चार अल्किल कार्बनच्या फेनॅन्थ्रीनचेही तेच. तेलाच्या नमुन्यात त्या जागी शिखरांचा पुंजका असतो आणि त्यातले एखादे रेटीन समजले जाण्याचा धोका असतो. रेणू यंत्रात तुटून मिळणारा २१९ वस्तुमानाचा तुकडा आणि शुद्ध मानक स्तंभातून बाहेर येण्याची वेळ दोन्ही जुळली तरच नोंद करायची, असे ठरवले. पाइनच्या फळीच्या काजळीत ते उठून दिसले, सागाच्या चौकटीच्या काजळीत अगदी थोडे.

प्रमाणित संदर्भ गाळ, म्हणजे ज्यातले प्रमाण आधीच माहीत आहे असा गाळ, प्रत्येक तुकडीत एकदा चालवला. त्याचे मूल्य मान्य मर्यादेत आले नाही तर त्या तुकडीचा एकही आकडा वहीत चढणार नाही.

१५ मार्च २०२५

होळीच्या आदल्या दिवशी, १३ तारखेच्या होळीच्या रात्री आणि धुळवडीला गच्चीवर हवेचे नमुने घेतले: क्वार्ट्झ फिल्टरवर कण आणि त्यामागे फोमच्या नळकांड्यात वायुरूप पीएएच. तीन वलयांपर्यंतचे सदस्य बरेचसे वायुरूपात असतात; नुसत्या फिल्टरवर विसंबले तर ते हातचे जातात.

या नमुन्यांचा हेतू होळीला दोषी ठरवण्याचा नाही. एका रात्रीची आग कितीही मोठी वाटली तरी वर्षभर रोज जळणाऱ्या गोष्टींपुढे तिचा वाटा लहान असणार. खरा प्रश्न मापनाच्या रीतीचा आहे. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा चोवीस तास, म्हणजे वर्षात किमान १०४ मोजण्या अपेक्षित असतात. एखादी कचराभूमी तीन दिवस धुमसली आणि ते तीन दिवस नेमके मोजणीच्या दोन दिवसांच्या मधे पडले, तर त्या वर्षीच्या नोंदीत ती आग कुठेच दिसणार नाही. कायमस्वरूपी केंद्राच्या जोडीला फोमच्या चकत्यांचे साधे निष्क्रिय संग्राहक महिनोन्महिने लटकवून ठेवणे स्वस्त आहे. त्यांना वीज लागत नाही आणि मधला कोणताही दिवस ते सोडत नाहीत, मात्र जड, कणांवरच्या सदस्यांचे प्रमाण त्यांच्यात कमी भरवशाचे असते. दोन्हींची सांगड घालूनच पूर्व उपनगरांचे चित्र पुरे होईल.

७ एप्रिल २०२५

आजपासून गुणोत्तरांचे वाचन. फ्लुओरँथीनचा फ्लुओरँथीन आणि पायरीनच्या बेरजेतला वाटा ०.४ पेक्षा कमी असेल तर तेल, ०.४ ते ०.५ मध्ये द्रव इंधनाचे ज्वलन, ०.५ च्या वर लाकूड, गवत किंवा कोळसा, असा सर्वसाधारण दंडक आहे. अँथ्रासीनचा फेनॅन्थ्रीनसह बेरजेतला वाटा ०.१ च्या खाली तेलाकडे, वर ज्वलनाकडे. इंडेनोपायरीन आणि बेंझो(जीएचआय)पेरिलीनच्या जोडीसाठी सीमा त्याच क्रमाने ०.२ आणि ०.५.

हे दंडक कागदावर जितके नेटके दिसतात तितके खाडीत राहत नाहीत. अँथ्रासीन उन्हात फेनॅन्थ्रीनपेक्षा लवकर तुटते, म्हणून दूरवरून हवेतून आलेली काजळी ‘तेल’ असल्याचा भास निर्माण करू शकते. बेंझो(ए)पायरीनही आपल्या टिकाऊ जुळ्या भावंडापेक्षा, बेंझो(ई)पायरीनपेक्षा, लवकर जाते. या दोघांचे प्रमाण म्हणूनच प्रवासाचे वय सांगते. शिवाय दोन स्रोत मिसळले की गुणोत्तर मधेच कुठेतरी पडते आणि मधला आकडा तिसऱ्याच स्रोताचा वाटतो. म्हणून एकाही ठिकाणाबद्दल एका गुणोत्तरावरून विधान करायचे नाही. निदान तीन स्वतंत्र खुणा एकाच दिशेने गेल्या तरच स्रोताचे नाव लिहायचे.

या कसोटीला उतरलेली प्राथमिक निरीक्षणे इतकीच आहेत. मधल्या प्रवाहाच्या गाळात उतरती भाजणी, म्हणजे ज्वलनाचे वर्चस्व आहे. नाल्यांच्या तोंडाशी मात्र अल्किल फेनॅन्थ्रीनचे मधले स्तंभ वर येतात आणि त्यांच्यासोबत पेट्रोल इंजिनात वापरून झालेल्या ऑइलसारखी जड पीएएचही येतात. कच्च्या तेलात जड सदस्य फार थोडे असतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ते ज्वलनातून उतरून साठतात. म्हणजे या ठिकाणांचे तेल जहाजातून किंवा वाहिनीतून सांडलेले दिसत नाही. ते रस्त्यावरून आणि गॅरेजच्या मोरीतून नाल्याने आलेले असावे. देवनारच्या बाजूला ट्रायफिनाइलबेंझीन स्पष्ट आहे आणि वेचलेल्या प्लास्टिकच्या थेंबांतही ते आहे. खाडीचे नाव निघाले की लोकांच्या मनात आधी जहाजे येतात. हे निष्कर्ष टिकले तर पहिले लक्ष नाल्यांकडे आणि उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याकडे वळवावे लागेल, आणि ती दोन्ही कामे शहराच्या रोजच्या कारभाराच्या आवाक्यातली आहेत.

२२ एप्रिल २०२५

ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या ही शिंपली काढणाऱ्या कोळी भगिनींकडून थोड्या तिसऱ्या विकत घेऊन निष्कर्षणाला लावल्या. मासे पीएएच यकृतात मोडून पित्तातून बाहेर टाकतात, त्यामुळे जिताड्यासारख्या माशाच्या मांसात मूळ रेणू फारसे सापडत नाहीत. शिंपल्यांत ती यंत्रणा दुबळी असते आणि गाळलेल्या पाण्यातले पुष्कळ काही त्यांच्या चरबीत साठते. खाण्याच्या शिंपल्यांसाठी युरोपीय संघाने बेंझो(ए)पायरीनची मर्यादा ५ आणि चार ठरावीक पीएएचच्या बेरजेची ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो अशी ठेवली आहे. आमचे निकाल पक्के होण्याआधी कोणताही आकडा बाहेर द्यायचा नाही असे ठरले आहे. एका तिसरीवरून उठलेल्या बातमीने ज्यांची चूल बंद पडेल, त्या बायकांनी नाल्यात तेल ओतलेले नाही. निकाल पक्के झाले की सर्वप्रथम त्यांनाच, त्यांच्या वस्तीत जाऊन सांगायचे.

२८ मे २०२५

मोसमी पाऊस २६ तारखेलाच मुंबईत दाखल झाला. एरवी तो ११ जूनच्या सुमारास येतो. पहिल्या पाण्याचे नमुने जूनमध्ये घ्यायचे होते, पण काचेच्या बाटल्या महिन्याच्या मध्यापासूनच धुऊन, तापवून तयार ठेवल्या होत्या, त्यामुळे काम पार पडले. ठरवलेल्या नाल्यांच्या तोंडाशी सरी सुरू झाल्यापासून ठरावीक अंतराने पाणी घेतले. पहिल्या बाटल्यांतले पाणी शाईसारखे काळे आणि वर तवंग, होडीवाल्या काकांनी डिसेंबरात सांगितला होता तसाच. दुपारनंतरच्या बाटल्यांत माती वाढली आणि तवंग विरळ झाला.

गाळणकागदावर उरलेला गाळ आणि खाली उतरलेले पाणी यांचे निष्कर्षण वेगळे करायचे आहे, कारण जड पीएएच कणांबरोबर तळाला बसतील आणि हलकी पाण्याबरोबर बंदराकडे जातील. जुलैत बेकऱ्यांची मुदत संपल्यावर त्याच धुराड्यांच्या परिसरातली हवा, तेच फिल्टर आणि तीच रेटीनची मोजणी पुन्हा होईल. किहीम आणि अलिबागच्या किनाऱ्यांवर पावसाळी वाऱ्याने येणारे तेलगोळेही यंदा गोळा करणार आहोत, म्हणजे खुल्या समुद्रातल्या तेलाचा ठसा खाडीतल्या ठशाशेजारी ठेवून पाहता येईल. आज रात्री पहिल्या बाटल्यांचे गाळण सॉक्सलेटला लावले आहे. तांबे ताजे धुऊन ठेवले आहे आणि कोरा नमुना त्याच तुकडीत आहे.